आदल्या दिवसाची चिठ्ठी

वेणूबाईच्या तोंडाला लागून कोणी जिंकल्याचं अंबरनाथच्या त्या आळीत कोणाला आठवत नाही. नवरा गेला तेव्हा दिरांनी जमिनीच्या कागदावरून तिचं नाव उडवायचा डाव टाकला होता. हिने काय करावं? ऐन हळदीच्या मांडवात, पाचशे माणसांच्या देखत, थोरल्या दिराला उभा केला आणि विचारलं, "माझ्या पोराचा वाटा खाऊन तुमच्या पोराला हलद लागते कशी, ते मना दाखवा." दिराने पुढच्याच आठवड्यात गुमान सही केली. तेव्हापासून भांडण असो की सोयरीक, लोक म्हणायचे, वेणूबाईला विचारा, ती तोंडावर सांगेल. अशी ती तोंडावर सांगणारी बाई. म्हणून तर ह्या गोष्टीची इतकी चीड येते.

पोरगा एकच, प्रीतम. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या एका कारखान्यात पोटॅश मारायचा. म्हणजे नव्या कोऱ्या पँटीच्या मांडीवर, गुडघ्यावर जांभळं औषध फवारायचं. धुतल्यावर तिथला रंग उडतो आणि पँट वर्षभर वापरल्यासारखी दिसते. दिवसभर तोंडाला रुमाल, हातात फाटके मोजे. सून विनिता बदलापूरची, बारावी झालेली, बोलायला कमी नि हसायला जास्त. लग्नाला दीड वर्ष झालं आणि तिला दिवस गेले, तेव्हा वेणूबाईने आळीभर पेढे वाटले. दुसऱ्या महिन्यात तिला स्वतः दवाखान्यात नेऊन सगळं रक्त तपासून घेतलं. कार्डावर सगळं ठीक आलं. ते कार्ड वेणूबाईने देवाच्या फळीवर ठेवलं.

वेणूबाईच्या घरात एक रीत होती, तिच्या सासूच्याही सासूपासून चालत आलेली. पोटुशी पोरीने पहिले तीन महिने सासूच्या कुशीला झोपायचं आणि नवऱ्याने बाहेरच्या खोलीत. "तीन महिने कल काढ, पोरा," ती प्रीतमला म्हणाली होती, "मंग हायेच तुझी बायको तुना." प्रीतमने कळ काढली नाही. कारखान्यातली चार पोरं सुट्टीच्या दिवशी शीळ रस्त्यावरच्या एका लॉजवर गेली, त्यात हा शहाणाही गेला. अर्थात हे वेणूबाईला कळलं ते फार नंतर. चौथा महिना लागला, विनिता आतल्या खोलीत नवऱ्याजवळ परत गेली आणि घर सुरळीत चालू लागलं.

पाचव्या महिन्यात प्रीतमच्या तळहातांवर तांबूस चट्टे उठले. खाज नाही, दुखणं नाही. कारखान्यातले म्हणाले पोटॅशचं आहे, आळीतले म्हणाले पोटॅशचं आहे, प्रीतमही तेच म्हणाला. तसलेच चट्टे तळपायांवरही होते, आणि पायांनी कोणी पोटॅश मारत नाही, एवढं कोणाच्या डोक्यात आलं नाही. मग केस जागोजाग विरळ झाले. मग ताप, खोकला, आणि छातीत श्वास घेताना कळ. कॅम्पातल्या एका डॉक्टरने एक्स-रे काढला. दोन्ही फुप्फुसांत पावलीएवढे पांढरे डाग, चार इकडे, तीन तिकडे. डॉक्टरने फोटो उजेडात धरला न धरला आणि म्हणाला, टीबी.

टीबी म्हटल्यावर वेणूबाईने पदर खोचला. प्रीतमचं ताट, वाटी, पेला वेगळा काढला आणि खिळ्याने प्रत्येकावर फुली कोरली. पांघरूण वेगळं, टॉवेल वेगळा, भांडी उकळत्या पाण्यात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विनिताची पिशवी भरली.

आता, ओटी भरल्याशिवाय पोर पहिल्या बाळंतपणाला माहेरी जात नाही. बाया कुजबुजल्या. सातवा लागला नाही, चोळी नाही, फुलं नाहीत, आणि सुनेला रिक्षात घालून निघाली कुठे? वेणूबाईने नळावरच सगळ्यांना ऐकवलं, "रीत माझ्या नातवापरीस मोठी नाय. त्याच्या आंगाला मी खोकल्याचा वारा लागू देनार नाय." बदलापूरला विहीणबाई इंदुबाईच्या दारात तिने सुनेला उतरवलं आणि म्हणाली, "तुमची पोर सांभाला. ओटी मी सातव्या-आठव्यात इथं येऊन भरीन." इंदुबाईने तिचे दोन्ही हात धरले नि रडायला लागली. अशी सासू नशिबानेच मिळते, म्हणाली.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. दार राखून बसली होती बिचारी, आणि चोर कधीचाच घरात.

दीड महिना गोळ्या खाऊनही प्रीतमचा खोकला हटेना. बेडका तीनदा तपासला, तीनदा काही निघालं नाही. शेवटी कोणीतरी सरकारी छातीच्या दवाखान्यातल्या अनुया मॅडमचं नाव सांगितलं. वेणूबाई त्याला घेऊन गेली. अनुया मॅडम तिशीतली, चष्म्यावाली, जरा तुटक बोलणारी. तिने एक्स-रे बघितला आणि बाजूला ठेवला.

"हात दाखव," ती प्रीतमला म्हणाली.

"पोटॅशचं आहे, मॅडम."

"बरं. चप्पल काढ. पाय दाखव."

पाय बघून तिने सुई मागवली. रक्त घेतलं, दोन दिवसांनी बोलावलं, आणि त्या दिवशी वेणूबाईला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. अर्ध्या तासाने प्रीतम बाहेर आला तो कंबर धरून. इंजेक्शन दिलं होतं. हातात दोन कागद, डोळे जमिनीवर.

"टीबी नाही, आई," तो म्हणाला.

"देवा, एकवीरा आई! पावलीस!"

"आई, थांब. ऐक." आणि दवाखान्याच्या आवारात, पाण्याच्या टाकीमागे उभं राहून त्याने तिला सांगितलं. लॉज सांगितलं, रोगाचं नाव सांगितलं. सिफिलीस. गरमी, जुने लोक म्हणतात ती. "छातीत जात नाही सहसा, असं म्हणाल्या मॅडम. हजारात एखाद्याच्या जाते. माझ्या गेली. तीन इंजेक्शनं घेतली की डाग जातील." मग त्याने दुसरा कागद पुढे केला. "ही चिठ्ठी विनितासाठी. तिला लगेच दाखवायचंय. आई, मला नाही जमणार. तू सांग."

वेणूबाईने त्याच्या कानाखाली काढली. भर आवारात, माणसं बघत असताना. "तोंड कालं कराया गेलास तवा आयशीला इचारलंस? आनि आता आयशीनं सांगायचं?" तो गालावर हात धरून उभा राहिला. मग तिला एक आठवलं आणि ती चिठ्ठी घेऊन, त्यालाही दंडाला धरून, सरळ मॅडमच्या खोलीत शिरली.

"डॉक्टरीणबाई, माझ्या सुनंची सगली तपासनी दुसऱ्या म्हयन्यात झालीय. कार्ड हाय माझ्याजवल. काय नाय निंगालं."

अनुया मॅडमने प्रीतमकडे बघितलं. त्याने मान हलवली, सांगा म्हणून.

"मावशी, ती तपासणी जुनी झाली. ह्याला रोग लागला तो त्याच्यानंतर. आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात दोघं एकत्र होते."

"पन मी तिला लगेच माहेरी धाडली. ताट वेगलं, पेला वेगला…"

"हा खोकल्याने जात नाही. ताटातून जात नाही. नवरा-बायकोच्या संबंधातून जातो, आणि तिच्या रक्तातून पोटातल्या बाळाला. बाळाच्या यकृतात जातो, हाडांत जातो, फुप्फुसांत उतरतो. तसं मूल जन्मलं तर त्याला श्वास घेता येत नाही." मग ती जरा हळू बोलली. "पण औषध आहे, मावशी. साधं पेनिसिलिन. बाळंतपणाआधी वेळेत तिला मिळालं तर बहुतेक मुलं वाचतात. तिच्या हातात किती दिवस आहेत?"

"आठवा लागंल आता."

"मग आजच फोन करा."

"हे फोनवर सांगायचं काम नाय," वेणूबाई म्हणाली. "उद्या ओटी भराया जायचं ठरलंय. मी तोंडावर सांगते."

मॅडमने चिठ्ठीवर तारीख आणि सही परत ठळक केली आणि तिच्या हातात दिली. वेणूबाईने चिठ्ठीच्या चार घड्या घालून ती कमरेच्या बटव्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सात बाया आणि एक टेम्पो. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी, धनुष्यबाण, पाच प्रकारची पक्वान्नं. वाटेत बाया गाणी म्हणत होत्या. वेणूबाईही गात होती, एक हात बटव्यावर ठेवून. मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं तिने. आधी ओटी उरकायची, मग इंदुबाईला मागच्या पडवीत घ्यायचं, चिठ्ठी द्यायची आणि म्हणायचं, विहीणबाई, माझ्या पोराने शेण खाल्लं, मला पायातलं हाणा, पण पोरीला आत्ता दवाखान्यात चला. एवढंच तर बोलायचं होतं. मांडवात पाचशे माणसांपुढे बोलली होती ती.

विनिता फुलांत बसली होती, गालावर मांस आलेलं, पाय सुजलेले. सासू दिसल्यावर उठायला लागली, तिला वेणूबाईने खांदा दाबून बसवलं.

"आई, ह्यांचा खोकला कसा आहे? फोनच उचलत नाहीत माझा."

"कमी हाय."

"हात द्या इकडे." विनिताने तिचा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. "सकाळपासून लाथा मारतोय. तुम्ही आल्याचं कळलं वाटतं त्याला."

हाताखाली बाळ हललं, एकदा, मग परत. वेणूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बायांना वाटलं, आनंदाचं.

तेवढ्यात इंदुबाई पुढे झाली. साधी बाई, कधी चारचौघांत न बोलणारी. त्या दिवशी बोलली. "बायांनो, आज मना एक सांगायचंय. जावयाला टीबी झाला तवा दुसरी कोनी आसती तर लपवून ठेवलं आसतं. पोरीला तिथंच ठेवून राबवून घेतली आसती. ह्या माझ्या विहीनबायनं रीत मोडली, लोकांची बोलनी खाल्ली, आनि माझी पोर हाताच्या फोडावानी जपून माझ्या दारात आनून सोडली. मी आधी तिची ओटी भरनार, मंग पोरीची." आणि तिने खरोखर वेणूबाईच्या पदरात खण-नारळ घातला आणि सगळ्यांच्या देखत वाकून पाया पडली.

बाया म्हणाल्या, वेणूबाय हायेच तशी. कोणी डोळे पुसले. वेणूबाई पदर धरून उभी राहिली. पदरात नारळ, त्याच्याखाली कमरेला बटवा, बटव्यात चिठ्ठी. तिने ओटी भरली, पोरीला पाच घास भरवले, दोन झाकल्या वाट्यांतली एक उघडायला लावली. पेढा निघाला, बाया ओरडल्या. मागच्या पडवीत ती गेलीच नाही. इंदुबाईच म्हणाली, विहीणबाई, चला जरा मागं बसू, तर हिने सांगितलं, टेम्पोवाला थांबलाय.

घरी गेल्यावर फोन करू, असं तिने वाटेत ठरवलं. घरी गेल्यावर ठरवलं, उद्या सकाळी. सकाळी वाटलं, एवढी टुणटुणीत पोर, गाल बघा तिचे, तिला काय धाड भरलीय? फळीवरचं कार्ड काढून तिने शेजारच्या मुलीकडून परत वाचून घेतलं. सगळं ठीक, मुलीने वाचलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शहाणपण वेणूबाईला आयुष्यात पहिल्यांदा सुचलं, आणि सुचलं तेही नको तिथे. ज्या बाईने तोंडावर सांगण्याचा एवढा टेंभा मिरवला तिला एक वाक्य बोलवेना, कारण ते बोलल्यावर इंदुबाई पुन्हा तिच्या पाया पडणार नव्हती. एवढंच कारण होतं. दुसरं काही नाही.

तिसऱ्या दिवशी प्रीतमने विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाली विनिता?"

"काय म्हननार? तिकडंच सुया घेतील. तू तिला फोन करून आनखी जाच करू नको."

प्रीतमला तेच हवं होतं. मॅडमचा फोन आला तेव्हा त्याने सांगितलं, कळवलंय, तिकडे उपचार चालू आहेत. विनिताचे फोन यायचे, तो ते वाजू द्यायचा. त्याला वाटायचं, शिव्या द्यायला करतेय. ती करत होती खोकल्याची चौकशी करायला.

एकोणिसाव्या दिवशी इंदुबाईचा फोन आला. पोरीला आधीच कळा आल्या, मुलगा झाला, पण रडत नाही. या.

दवाखान्यात काचेच्या पेटीत मूल होतं. नाकातोंडात नळ्या, पोट फुगलेलं, हातापायांची कातडी सोलल्यासारखी, तळव्यांवर तांबूस चट्टे. वेणूबाईने ते चट्टे ओळखले. मुलांचा डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून इंदुबाईच्या नवऱ्याला काहीतरी समजावत होता. प्रीतमच्या फोटोत पावलीएवढे पांढरे डाग होते, बाकी सगळं काळं. ह्या फोटोत काळं कुठे नव्हतंच. दोन्ही फुप्फुसं पांढरीफटक.

"हवा शिरायला जागाच नाही," डॉक्टर म्हणाला. "कशामुळे ते कळलं तर औषध नेमकं देता येईल. रक्ताचा रिपोर्ट उद्या येईल. घरात कोणाला काही आजार?"

"जावयाला टीबी हाय," इंदुबाई म्हणाली. "पन पोरीला कवाच आनली इकडं. विहीनबायनीच आनली."

सगळ्यांनी वेणूबाईकडे बघितलं. तिने बटव्यात हात घातला. एकोणीस दिवस तो बटवा तिने कमरेचा सोडला नव्हता, आंघोळीलाही खुंटीवर नजरेसमोर ठेवला होता. घामाने चिठ्ठीच्या घड्या चिकटल्या होत्या. तिने ती उलगडून डॉक्टरच्या हातात दिली. डॉक्टरने वाचली, एकदा तिच्याकडे बघितलं, आणि धावत आत गेला. पाचव्या मिनिटाला मुलाला पहिलं पेनिसिलिन लागलं.

मूल तीन दिवस जगलं.

चौथ्या दिवशी विनिताने सासूला आत बोलावलं. खाटेवर बसली होती, हिरवा चुडा अजून हातात, दंडाला इंजेक्शनची पट्टी. केसपेपरांबरोबर ती चिठ्ठी तिच्या मांडीवर होती.

"ही बावीस तारखेची आहे," विनिता म्हणाली. "माझी ओटी तेवीसला भरली."

"हां."

"तेव्हा ही कुठे होती?"

खोटं बोलायला वेणूबाईला अजूनही जागा होती. घरी राहिली म्हणता आलं असतं, प्रीतमने नंतर दिली म्हणता आलं असतं. "माझ्या कमरंला व्हती," ती म्हणाली.

"मी तुमचा हात पोटावर ठेवला तेव्हा?"

"तवाबी."

विनिताने चिठ्ठीच्या परत चार घड्या घातल्या, होत्या तशाच. "अख्ख्या गावाला तोंडावर सांगता तुम्ही, आई," ती म्हणाली. "मला एकटीला नाही सांगितलंत." मग भिंतीकडे तोंड करून झोपली. इंदुबाईने दार उघडून धरलं आणि वेणूबाई बाहेर पडली.

प्रीतमच्या छातीतले डाग महिन्याभरात गेले. मॅडमने नवा फोटो दाखवला, स्वच्छ. तो परत पोटॅश मारायला जाऊ लागला. विनिता आली नाही, येणार नव्हती.

सुतक फिटल्यावर वेणूबाई पहिल्यांदा हंडा घेऊन नळावर गेली. बायांनी तिला वाट करून दिली. एक जण तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "टीबीनंच नेलं ना गो पोराला? तू तरी काय करनार? तुझ्यावानी कोनी जपलं नसतं."

किती सोपं होतं. नुसतं हां म्हणायचं, पदर डोळ्यांना लावायचा आणि हंडा भरून घरी जायचं. विनिता तिकडे बदलापूरला, कोण येणार होतं विचारायला?

वेणूबाईने हंडा खाली ठेवला.

"टीबी नव्हता," ती म्हणाली, नेहमीच्या तिच्या आवाजात, दोन गल्ल्यांपलीकडे जाईल असा. "दुखनं माझ्या पोरानं आनलेलं. औषध व्हतं त्याच्यावर. डॉक्टरनीनं माझ्या हातात कागद दिला नि सांगितलं, आजच्या आज कलव, मूल वाचंल. मी तो कागद कमरंला बांधून पोरीची ओटी भरली, विहीनीकडून पाया पडून घेतलं, नि गुमान घरी आली. माझा नातू टीबीनं नाय गेला गो. माझ्या गप बसन्यानं गेला."

पाठीवरचा हात उचलला गेला. नळाला पाणी चालू होतं आणि कोणी हंडा लावत नव्हतं.